पुढं असलेला गडी मागच्यासाठी थांबला काहून? सायकल रेस पाह्याची तरी कशी?

कास्तकार_दर्यापूर

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला, कपाशी-तूर-हरभरा करतो. सायकल रेसचा नाद नवीनच लागला. भाचा अमरावतीले शिकते, तो संक्रांतीले आला तवा त्यानं मोबाइलवर इटलीच्या रेसचे व्हिडिओ दाखवले, गिरो द'इटालिया म्हणते त्याले, २०२५ ची. आता रात्रीची लाइन असली का मोटर चालू करतो, धुऱ्यावर बसतो अन् हरभऱ्याले पाणी चालू असेपर्यंत एकेक टप्पा पाह्यतो.

इचारायचं हे का, विसाव्या टप्प्यात वान आर्ट नावाचा गडी पुढच्या टोळीत होता. मोठा डोंगर चढून पार झाला, मागच्या मोठमोठ्या लोकाइच्या कितीतरी पुढं. अन् मंग त्यानं सायकल हळू केली ना बावा! मागून सायमन येट्स येत होता, त्याच्यासाठी थांबला. तो आल्यावर हा त्याच्यापुढं लागला अन् जीव तोडून ओढलं त्याले. त्या दिवशी पहिला आला तो तिसराच कोणी, पण रडले अन् नाचले हे दोघं. काहून?

आमच्या इकडं शंकरपट असते. जोडी सुटली, घड्याळ लागलं, ज्याचे सेकंद कमी तो पहिला, झालं. इथं चार-पाच तास पोट्टे सायकल हाणते, पहिला एक येते अन् गुलाबी बनियान दुसऱ्याच्याच आंगात. कोणी नीट समजावून सांगन काय? जुलैत फ्रान्सची रेस असते म्हणे, तीन आठवडे. आमच्याकडं तेव्हा डवरणी-निंदणाचे दिवस, नेटही मधातच जाते. सगळं पाह्यनं होणार नाही, तर कोणतं पाह्याचं तेही सांगा.

परतवाडा_ते_चिखलदरा

भाऊ, तुमचा पटच धरून सांगतो. इथंही सेकंदच मोजतात, फक्त एका दिवसाचे नाही, एकवीस टप्प्यांची बेरीज करतात. ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो एकूण विजेता, आणि रोज संध्याकाळी त्या बेरजेत जो पुढे असेल त्याच्या अंगात ती जर्सी, इटलीत गुलाबी, फ्रान्समध्ये पिवळी, स्पेनच्या वुएल्तात लाल. त्या दिवशीचा टप्पा कोण जिंकला हा हिशोब वेगळा. दोन्ही गोष्टी किती वेगळ्या बघा, मार्क कॅव्हेंडिशने टूर दि फ्रान्सचे ३५ टप्पे जिंकले, एडी मर्क्सचा ३४ चा विक्रम त्याने २०२४ ला मोडला, पण पूर्ण रेस त्याने एकदाही जिंकली नाही कारण तो सपाटीवरच्या शेवटच्या धावेचा माणूस, डोंगरात मागे पडायचा. आणि ग्रेग लेमाँडने १९९० ची टूर एकही टप्पा न जिंकता घेतली. त्याच्या आदल्या वर्षी तर तो फक्त ८ सेकंदांनी जिंकला होता, शेवटच्या दिवशी ५० सेकंद मागे होता आणि पॅरिसला एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा होता, त्यात बेरजेत पुढे असलेल्या लोराँ फिन्यॉंला मागे टाकलं. तो प्रकार हुबेहूब पटासारखा, तुम्हाला लगेच पटेल.

अजून दोन नियम. घोळक्यात सगळे चिकटून आले तर सगळ्यांना एकच वेळ देतात, म्हणून सपाटीच्या दिवशी बेरजेत फारसा फरक पडत नाही. आणि बहुतेक टप्प्यांच्या शेवटी पहिल्या तिघांचे १०, ६, ४ सेकंद कमी करतात.

वाशीमकर

वान आर्टबद्दल मी सांगतो कारण तो टप्पा मी आजही काढून बघतो, माझ्या मते अलीकडच्या काळातला सगळ्यात सुंदर दिवस आहे तो.

आधी हे की रेस एकट्याची दिसली तरी टीमची असते. टूर, गिरोत एका टीमचे आठ जण. त्यात एक नेता, बाकीच्यांचं काम त्याचा वारा अडवायचा, गाडीपाशी जाऊन सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणायच्या, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. वारा ही यातली मुख्य गोष्ट. सपाटीवर दुसऱ्याच्या चाकामागे चिकटून चालवलं तर तेवढ्याच वेगाला साधारण तीस टक्के किंवा त्याहून जास्त ताकद वाचते. चढावर वेग कमी म्हणून हा फायदा घटतो, तिथे ज्याच्या पायात दम तो निघून जातो. पण डोंगर उतरून पुन्हा सपाट दरी आली की एकटा माणूस संपतो.

आता तो दिवस. कोले देले फिनेस्त्रे, साडेअठरा किलोमीटरचा चढ, वरचे जवळजवळ आठ किलोमीटर डांबरच नाही, कच्चा रस्ता. गुलाबी जर्सी मेक्सिकोच्या इसाक देल तोरोकडे, दुसरा इक्वादोरचा रिचर्ड कारापाझ ४३ सेकंद मागे, तिसरा येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. येट्सच्या टीमने सकाळीच वान आर्टला पुढच्या टोळीत पाठवून ठेवलं होतं. टप्पा जिंकायला नाही, तर डोंगराच्या पलीकडे माणूस हजर पाहिजे म्हणून! चढावर येट्स निसटला. मागे देल तोरो आणि कारापाझ एकमेकांकडे बघत राहिले. येट्स वर पोचला तेव्हा वान आर्ट थांबून होता, त्याने त्याला दरीतून ओढत शेवटच्या चढाच्या पायथ्याशी नेऊन सोडलं. टप्पा पुढच्या टोळीतल्या ख्रिस हार्परने जिंकला, पण येट्सने देल तोरोवर एका दिवसात पाच मिनिटांहून जास्त कमावली आणि गिरो ३ मिनिटं ५६ सेकंदांनी त्याची झाली.

आणि तो रडला का ते ऐका. २०१८ ला हाच येट्स गिरोत गुलाबी जर्सीत होता, रेस संपायला तीनच टप्पे उरले होते, आणि ह्याच फिनेस्त्रेवर तो पार मोडला. त्या दिवशी ख्रिस फ्रूम ऐंशीएक किलोमीटर एकटा पळाला आणि येट्स अडतीस मिनिटांहून जास्त मागे राहिला. सात वर्षांनी त्याच डोंगरावर त्याने परत मिळवलं. मला तर त्यात वान आर्ट जास्त दिसतो. स्वतः एवढा मोठा रायडर, टूरमध्ये गुणांची हिरवी जर्सी घेतलेला, त्याच गिरोत सिएनाचा टप्पा जिंकलेला, आणि तो वाट बघत थांबतो. २०२२ च्या टूरमध्येही ओताकामच्या चढावर त्याने हेच केलं, आपल्या टीमचा नेता विंगेगार्डसाठी इतका ओढला की प्रतिस्पर्धी पोगाचारसुद्धा मागे पडला.

कास्तकार_दर्यापूर

वाशीमकर भाऊ, आता डोक्यात बसलं. आज पुन्हा पाह्यतो तो टप्पा. पण हे सांगा, ते दोघं एकमेकाइकडं काहून पाहत राह्यले? येट्स डोळ्यासमोर चालला ना!

परतवाडा_ते_चिखलदरा

कारण जो पुढे होऊन ओढेल तो थकेल आणि मागचा आयता बसून शेवटी त्याला सोडून जाईल. कारापाझचं म्हणणं, जर्सी तुझी, तूच वाचव. देल तोरोला वाटलं असेल की मी ओढलं तर हाच मला लुटेल. दोघांची भीती खरी होती. त्या विचारात मिनिटं गेली आणि रेस तिसऱ्याची झाली. त्यामुळे बघताना पायांपेक्षा कोण कोणाच्या मागे बसलाय आणि कोणाला ओढायला लागतंय ते बघा, नुसतं पुढचा कोण एवढं बघितलं तर अर्धी रेस सुटते.

बाई_यवतमाळ

मी यवतमाळ जिल्ह्यात एका गावच्या शाळेत शिकवते. आमच्या बऱ्याच मुली सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलवर शाळेत येतात, पावसाळ्यात त्या चिखलातून येतात तेव्हा त्यांचे पाय काय असतील विचार करा. म्हणून मी त्यांना बायकांची टूर दाखवते, २०२२ पासून पुन्हा दरवर्षी होतेय, आणि दादा तुम्हीही ती बघाच, लहान असते, आठ-नऊ टप्पे, कामाच्या दिवसांत झेपण्यासारखी.

२०२४ ची काढून बघा. डेमी व्होलेरिंग पिवळ्या जर्सीत होती आणि पाचव्या टप्प्यात शेवट सहाएक किलोमीटरवर असताना पडली. नियम असा की सपाट टप्प्याच्या शेवटच्या तीन किलोमीटरात कोणी पडलं तर सोबतच्यांचीच वेळ मिळते, त्याच्या आधी पडलात तर जेवढा वेळ गेला तो गेला. तिची दीड मिनिटाच्या वर वेळ गेली, जर्सीही गेली. शेवटच्या दिवशी आल्प द्युएझच्या चढावर संपणारा टप्पा तिने जिंकला, आणि खाली बसून घड्याळ बघत राहिली. पोलंडची कासिया न्येवियादोमा मागून चढत येत होती, चेहरा पूर्ण वाकडा झालेला, आणि ती फक्त ४ सेकंदांनी टूर जिंकली. आठ टप्पे आणि चार सेकंद! वर्गातल्या मुली शेवटचा किलोमीटर उभ्या राहून बघत होत्या. आमच्यातल्या एकीने विचारलं की डेमीच्या टीममधलं कोणी पडल्यावर तिच्यासाठी का थांबलं नाही, आणि हा प्रश्न तेव्हा तिकडेही खूप विचारला गेला.

खामगावचा

पण हे सगळे औषधं घेऊनच पळतात ना? आर्मस्ट्राँगचं काय झालं सगळ्यांना माहीत आहे.

वाशीमकर

झालं ते वाईटच झालं आणि लपवण्यासारखं काही नाही. १९९९ ते २००५ मध्ये आर्मस्ट्राँगने जिंकलेल्या सातही टूर २०१२ ला काढून घेतल्या आणि ती जागा दुसऱ्या कोणाला दिली नाही, रिकामीच ठेवली. २००८ पासून प्रत्येक रायडरच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवतात, एकदम बदल दिसला की पकडतात. म्हणजे आता सगळे शंभर टक्के स्वच्छ असं मी छातीठोक म्हणणार नाही, संशय ठेवायचा तुमचा हक्क आहे. पण बाटल्या वाहणारा, पडून कोपर सोलल्यावर पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनशे किलोमीटर चालवणारा माणूस मला रोज दिसतो, मी त्याच्यासाठी बघतो.

एक सांगायचंच राहिलं, शेवटी कोण येतंय तेही बघत जा. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते, विजेत्याच्या वेळेपेक्षा ठराविक टक्के उशीर झाला की घरी. २०२४ च्या टूरच्या पहिल्याच दिवशी कॅव्हेंडिश उन्हाने उलट्या करत सगळ्यात मागे पडला होता, टीमचे पोरं त्याच्याभोवती थांबले, पाणी ओतत त्याला मर्यादेच्या आत आणलं. पाचव्या टप्प्यात त्याने तो ३५ वा विजय मिळवला. ती पोरं थांबली नसती तर विक्रम झालाच नसता.

आर्वीकर_पुण्यात

गाव आर्वी, नोकरी पुण्यात. जानेवारी २०२६ मध्ये इथे पुणे ग्रँड टूर झाली, पहिल्या दिवशी प्रोलॉग, म्हणजे घड्याळाविरुद्धची छोटी धाव, आणि मग चार टप्पे, बाहेरच्या देशांतले रायडर आले होते. रस्त्यावर उभं राहून बघायचं असेल तर माझा सल्ला, सपाट रस्त्यावर उभे राहू नका, अख्खा घोळका सणकन निघून जातो आणि एक चेहरा धड दिसत नाही. चढावर जा. तिथे वेग कमी असतो, घोळका फुटून लांब होतो, श्वास ऐकू येतो, मागे राहिलेल्यांनाही ओरडून बळ देता येतं. तिकीट नसतं, सकाळी जागा धरायची, शिदोरी सोबत, बस्स. पण कडेला म्हणजे कडेलाच! २०२१ च्या टूरमध्ये पहिल्याच दिवशी एक बाई कॅमेऱ्याकडे तोंड करून पुठ्ठा धरून रस्त्यात आली, टोनी मार्टिन त्या पुठ्ठ्यावर आदळला आणि त्याच्या मागचे ढिगाने पडले. २०१६ ला माँ व्हाँतू डोंगरावर गर्दीमुळे मोटरसायकल अडली, फ्रूम तिच्यामुळे पडला, सायकल मोडली आणि पिवळ्या जर्सीतला माणूस चढावर पायीच पळत सुटला. फोटो काढायच्या नादात कोणाचं वर्षभराचं कष्ट मातीत जायला नको.

आपल्या चिखलदऱ्याच्या घाटात अशी रेस कधी व्हावी असं फार वाटतं.

परतवाडा_ते_चिखलदरा

झाली तर राहायची सोय माझ्याकडे, सगळ्यांची.

कास्तकार भाऊ, जुलैचं सांगतो. यंदाची, म्हणजे २०२६ ची टूर ४ जुलैला स्पेनच्या बार्सिलोनातून निघते, २६ ला पॅरिस. टप्पा बहुतेक वेळा आपल्याकडे दुपारी साडेचार-पाचला सुरू होतो आणि रात्री साडेआठ-नऊला संपतो, म्हणजे शेतातून घरी येऊन हातपाय धुतले की नेमका शेवटचा तास सापडतो. सपाट टप्प्याची शेवटची वीस मिनिटं पुरतात. डोंगराच्या दिवशी जमलं तर शेवटचे दोन तास बघा. नेट गेलं तर टूरच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर थोडक्यात व्हिडिओ येतो, सकाळी चहासोबत होतो. आणि २४, २५ जुलै काही करून मोकळे ठेवा, लागोपाठ दोन दिवस आल्प द्युएझवर संपते, त्यातल्या पहिल्या दिवशी प्रसिद्ध २१ वळणांच्या चढावरून.

पहिल्याच वर्षी सगळी नावं पाठ करायच्या मागे लागू नका. एक रायडर धरा, रोज त्याचा नंबर कितवा आला ते बघा, बाकीचे आपोआप ओळखीचे होतात.

कास्तकार_दर्यापूर

सगळ्याइचे लय आभार. २४-२५ लिहून ठेवलं, डवऱ्याचं काम त्याच्या आधी उरकतो. बाई, तुमची ती चार सेकंदवाली रेस घरी बायकोले अन् पोरीले पण दाखवतो. रायडर मी धरला. भाच्यानं एरिट्रियाच्या बिनियाम गिरमायचे व्हिडिओ दाखवले होते, २०२४ ले तीन टप्पे अन् हिरवी जर्सी घेतली त्यानं, आफ्रिकेतला पहिला काळा माणूस टूरचा टप्पा जिंकणारा. तो उतरला तर त्याले कोणत्या दिवशी पाह्याचं?

वाशीमकर

चांगला माणूस धरला. हिरवी जर्सी गुणांची असते, वेळेची नाही. टप्प्याच्या शेवटी आणि मधल्या एका ठरलेल्या रेषेवर कितवा आला त्यावर गुण, आणि सपाट टप्प्याला गुण सगळ्यात जास्त. म्हणून त्याला सपाट किंवा थोड्या चढउताराच्या दिवशी बघा, शेवटचे तीन किलोमीटर तर अजिबात सोडू नका. तो दहाव्या-पंधराव्या नंबरवर दिसला तरी घाबरू नका, वारा लागू नये म्हणून मुद्दाम मागे असतो, शेवटच्या दोन-तीनशे मीटरला बाहेर निघतो. डोंगराच्या दिवशी त्याला शेवटच्या घोळक्यात शोधा.