मदत हवी आहे: पाच जणांनी रचलेलं जग, आणि त्यात कशाचा कशाला मेळ नाही

शाईचा डाग
नमस्कार. थेट मुद्द्यावर येते, वेळ नाही. आम्ही मिळून एक काल्पनिक जग रचलंय. आठ कथा, एक नकाशा, ट्वाइनवर (वाचणाऱ्याने वाट निवडत जायच्या गोष्टी बनवायचं साधन) केलेला एक खेळ आणि ऑडिओचे तीन भाग. आता सगळं शेजारी शेजारी ठेवलं तर आनंदच आहे. दुसऱ्या कथेत राणी मरते. ऑडिओच्या तिसऱ्या भागात, म्हणजे चाळीस वर्षांनी, तीच राणी खणखणीत आवाजात भाषण ठोकते. कथांमध्ये नदी उत्तरेला वाहते, नकाशात दक्षिणेला. हे सगळं सांभाळेल असं एखादं फुकट ॲप सुचवा. 'आधी वहीत लिहून काढा' छाप सल्ले नकोत, प्लीज.

कंसातला
किती जण आहात? सामग्री सध्या कुठे आहे? वेळ नाही म्हणजे किती नाही?

शाईचा डाग
पाच. सगळीकडे. बारा दिवस.

कंसातला
'सगळीकडे' हा पत्ता नव्हे.

शाईचा डाग
कथा गूगल डॉक्समध्ये, ऑडिओ ड्राइव्हवर, खेळ एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर. आणि जे जे ठरलं ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. राणी नक्की कधी मेली ते शोधायला काल दोन तास नुसती वर सरकत होते.

जुनाट
गिट, फाइलींमधला प्रत्येक बदल नोंदवणारा प्रोग्राम. दुसरं काही बघूच नका. २००५ साली लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी केलं, हजारो माणसं एकाच गोष्टीत हात घालत होती म्हणून. तुम्ही तर पाचच आहात. प्रत्येक कथा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा. कोणी, कधी, काय बदललं आणि का बदललं, सगळं नोंदलं जातं. राणीला कोणी मारलं तेही कळेल.

भटकी वेलांटी
काका, कथा लिहिणाऱ्यांना गिट देताय? गिट ओळीओळीने तुलना करतं. गद्यात अख्खा परिच्छेद म्हणजे एक ओळ. स्वल्पविराम हलवला तरी परिच्छेद बदलला म्हणून लाल-हिरवं होणार. दोघांनी एकाच परिच्छेदाला हात लावला की मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे कोणाचा बदल ठेवायचा ते हाताने ठरवत बसा, मग रडारड. ऑडिओ आणि चित्रं तर त्याला जुळवताच येत नाहीत, आणि गिटच्या फाइली ऑनलाइन ठेवायची साइट गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही.
विकी करा. राणीचं एक पान, नदीचं एक पान. त्या पानाकडे कुठून कुठून दुवे येतात ते एका क्लिकमध्ये दिसतं. राणीचं मरण बदललं तर कुठल्या कुठल्या कथा उघडाव्या लागतील त्याची यादी आयती मिळते.

जुनाट
एका ओळीत एकच वाक्य लिहायचं, झालं काम. अनेक जण तसंच लिहितात. आणि विकीची पानं बारा दिवसांत भरणार कोण? मी रिकाम्या विकींची स्मशानं पाहिली आहेत. काका म्हणू नका.

नदीवाला
ॲपमधलं मला कळत नाही, पण नदी उत्तरेला की दक्षिणेला हा प्रश्नच चुकीचा आहे. नदी उताराला वाहते. नाईल उत्तरेलाच जाते की. आधी डोंगर कुठे ते सांगा. समुद्राकडून वारा कुठल्या बाजूने येतो? डोंगराच्या त्या बाजूला पाऊस, पलीकडे कोरडं. राज्यं कुठे वसणार, लढाया कशावरून होणार, ते त्यावरून ठरतं. आणखी एक: हौशी नकाशांत नदीला खाली जाताना फाटे फुटतात. नद्या एकमेकींना मिळतात, फुटतात त्या सहसा मुखापाशी, त्रिभुज प्रदेशात. तळ्यातून दोन नद्या निघताना दाखवल्या असतील तर एक पुसा.

शाईचा डाग
अहो, नदी हे फक्त उदाहरण होतं! (तळ्यातून दोन निघतात. पुसते.)

अक्षरवेडा
तुमच्या जगाची भाषा कोणती? तिचं व्याकरण केलंय का? नसेल तर बाकी सगळं वरवरचं. झामेनहोफने १८८७ मध्ये एस्पेरांतो ही रचलेली भाषा मांडली तेव्हा मूळ नियम १६ होते, म्हणजे फार लागत नाही. लिपी करायची असेल तर युनिकोडच्या (जगभरच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणारी यादी) मुख्य पट्ट्यात खासगी वापरासाठी ६,४०० जागा मोकळ्या ठेवल्या आहेत, तिथे आपली अक्षरं बसवून फॉन्ट करता येतो. मी तीन लिप्या केल्या आहेत. हवं तर दाखवतो.

कंसातला
कोणी विचारलं नव्हतं, पण दाखवा.
धागाकर्त्या, बारा दिवसांनी नक्की काय द्यायचंय?

शाईचा डाग
सबमिशन. खेळ, ऑडिओ, निवडक तीन कथा आणि 'जगाची संहिता' म्हणून वीस पानांची पीडीएफ.

भटकी वेलांटी
हे पहिल्या पोस्टमध्ये नको होतं का? वीस पानांची पीडीएफ मागितली आहे आणि आम्ही तुला सर्व्हर उभारायला सांगतोय.

शाईचा डाग
मला वाटलं ते उघड आहे.

रिकामं दप्तर
मध्येच बोलतो, पण हे आधी. खेळ मैत्रिणीच्या लॅपटॉपवर म्हणजे कसा? ट्वाइन डाउनलोड केलेलं आहे की ब्राउझरमध्ये उघडून बनवलाय?

शाईचा डाग
ब्राउझरमध्ये. का?

रिकामं दप्तर
तिला आत्ताच्या आत्ता फोन कर. ब्राउझरमधलं ट्वाइन कथा त्या ब्राउझरच्याच साठ्यात ठेवतं, कुठल्या खात्यात नाही. कोणी 'लॅपटॉप हळू चालतोय' म्हणून ब्राउझरचा डेटा साफ केला की खेळ गेला. माझ्या १४० पॅसेजची, म्हणजे खेळातल्या पानांची, राख माझ्याच भावाने केली, तेही उपकार केल्याच्या थाटात. ट्वाइनमधून आर्काइव्हची, म्हणजे सगळ्या कथांची, फाइल काढून ड्राइव्हवर टाका. रोज. खेळ पब्लिश केला की एकच एचटीएमएल फाइल मिळते, तीही ठेवा. ती ट्वाइनमध्ये परत आणता येते.

शाईचा डाग
केला फोन. ती म्हणते, परवाच साफ करणार होते. हात थरथरतायत माझे.

जुनाट
गिटमध्ये असतं तर…

भटकी वेलांटी
काका!

पायरीवरची
आम्ही असाच प्रकल्प केला होता, सात जण. ॲप कुठलंही घ्या, भांडण 'खरं कुठलं' यावरच होतं. आमचा नियम सांगते: जे बदलायला सगळ्यात अवघड, ते खरं. ऑडिओ पुन्हा करायचा म्हणजे कलाकार, शांत खोली, संपादन, सगळं आलं. खेळात एक तारीख बदलली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या वाटा पुन्हा खेळून तपासायला लागतात. नकाशा एका संध्याकाळचं काम. कथेतलं वाक्य दोन मिनिटांचं. म्हणजे आधी ऑडिओ, मग खेळ, मग नकाशा, शेवटी कथा. तुमच्या राणीचा आवाज रेकॉर्ड झालाय ना? मग ती जिवंत आहे. दुसऱ्या कथेत ती मेली 'अशी दवंडी पिटली' करा.
नोंदींना एक साधी स्प्रेडशीट पुरे. गोष्ट काय, पहिल्यांदा कुठे आली, शेवटचा शब्द कोणाचा. हा शेवटचा रकाना सोडू नका, तिथे एकाच माणसाचं नाव हवं. 'सगळ्यांनी मिळून' लिहिलं की कोणीच बघत नाही.

कंसातला
+१. भर घालतो: सगळं जुळवायलाच हवं असंही नाही. एकाच लढाईच्या दोन बखरी कधी जुळतात का? कथा कोणीतरी सांगतंय ना, मग सांगणारा चुकू शकतो, खोटं बोलू शकतो. 'राणी मेली' हे शत्रूच्या दरबारातल्या लेखकाचं म्हणणं. संहितेत तशी तळटीप टाका. फक्त हे दोन-तीन ठिकाणीच करा, नाहीतर आळस दिसतो.

शाईचा डाग
पायरीवरची, खूप खूप आभार. आजच शीट करते. फक्त नकाशाचं थोडं वेगळं आहे.

कंसातला
वेगळं म्हणजे? आठही कथांत नदी उत्तरेला आणि एकट्या नकाशात दक्षिणेला, हे मला केव्हापासून खटकतंय. नकाशा कथांच्या आधीचा नाही का?

शाईचा डाग
आधी सहा जण होतो. मूळ नकाशा त्याने काढला होता, देशांची नावंही त्याचीच. राणीला मारायचं ठरलं तेव्हा वाजलं, आणि तो गेला. जाताना म्हणाला, माझं काही वापरू नका. आत्ताचा नकाशा आम्ही आठवणीतून काढलाय. ॲपचा विषय म्हणून हे लिहिलं नव्हतं.

भटकी वेलांटी
हाच विषय आहे गं.

रिकामं दप्तर
नावं आणि नुसत्या कल्पना यांच्यावर साधारणपणे कॉपीराइट नसतो. काढलेलं चित्र आणि लिहिलेला मजकूर मात्र ज्याचा त्याचा. आठवणीतून हुबेहूब काढला तरी प्रश्न मिटत नाही. सुरुवातीलाच सगळ्यांनी क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'श्रेय द्या, तसंच पुढे द्या' हा परवाना लावला असता तर त्याला तो मागे घेता आला नसता.

पायरीवरची
परवाना लावून मैत्री टिकते का? त्याने काय भांडून मागितलं होतं ते बघा: राणी जिवंत ठेवा. आणि तुम्ही आता, आमच्या सल्ल्याने, ती जिवंतच ठेवताय. हे त्याला सांगितलंय का?

शाईचा डाग
…नाही.

अक्षरवेडा
लिप्यांचे फोटो कुठे टाकू?

शाईचा डाग
मेसेज केला. दोन निळ्या टिका. उत्तर नाही.

उशिरा आलेला
धागा पूर्ण वाचला नाही, पण ऑब्सिडियन हे एकमेकींना जोडलेल्या नोंदी ठेवायचं ॲप वापरून बघा. वैयक्तिक वापराला फुकट आहे.

शाईचा डाग
अपडेट. रात्री दीड वाजता त्याने नकाशाची मूळ फाइल पाठवली, लेयरसकट. श्रेयात नाव टाकायला 'हो' म्हणाला. परत येतोय का विचारलं, त्यावर काही नाही. फाइलखाली एकच ओळ होती: नदी उत्तरेलाच वाहते.

नदीवाला
म्हणजे उंच भाग दक्षिणेला हवा. आहे का नकाशात?