स्वतःच्या शेडमधे किट विमान बांधायचंय, सल्ला द्या

कुपवाडचा_फॅब्रिकेटर: मंडळी, एमआयडीसीत माझी शेड आहे, दोन सीटचं किट विमान (सुटे भाग आणून आपणच जोडायचं) बांधायचं लय दिवस डोक्यात आहे, पत्र्याचं काम येतं पण विमानाचं कधी केलं नाही, तर जाणकार सोबत घेऊ का, आणि किट कुठलं बघू?

कराडकर: दादा, आरव्ही १२ नाहीतर झेनिथ ७५० बघा. दोन्हीत बहुतेक पॉप रिव्हेट, म्हणजे एकाच बाजूनं बसणारे, सॉलिड रिव्हेटला मागून बार धरायला लागतो तसं नाही. पहिलं शेपूट बांधा, हात बसतो, चुकलं तरी तेवढाच भाग जातो. आणि भोकाची बर (कडेला राहिलेली धारदार कोर) काढल्याशिवाय रिव्हेट मारू नका हां, चीर तिथूनच सुरू होते!!

पाटणवाला: जाणकार पाहिजेच, पण त्यानं शिकवायचं, हात तुमचे. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं केलं तरच होमबिल्ट, म्हणजे घरी बांधलेलं विमान, धरतात. आपल्याकडं मात्र किट घ्यायच्या आधी डीजीसीएला (विमानांची नोंदणी करणारं सरकारी खातं) विचारा. अमोल यादवांनी मुंबईत गच्चीवर विमान बांधलं, २०१६ ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं, नोंदणी २०१७ ला.

कुपवाडचा_फॅब्रिकेटर: मग आधी डीजीसीएला पत्र टाकतो. तोवर भंगार पत्र्यावर रिव्हेटचा सराव करतो, कराडकर, एकदा शेडवर येऊन बघाल का?