घरात एमआरएसए पेशंट आणि लहान बाळ, हवेचं काय करू? मदत हवी आहे

सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जखम चिघळली आणि कल्चरमध्ये एमआरएसए आला, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा स्टॅफ जिवाणू. आता घरी आणलंय. नाकात म्युपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने स्पंजिंग असा 5 दिवसांचा कोर्स झालाय, जखमेवरची औषधं डॉक्टर बघतायत. हात धुणं, टॉवेल वेगळा, चादरी 60 डिग्रीला, हेही सगळं चालूच आहे, तर ते प्लीज परत नको.

प्रश्न हवेचा आहे. हा मुख्यतः हातांनी पसरतो हे कळतं मला, पण कातडीच्या बारीक कोंड्यावर बसून तो हवेतही जातो आणि धुळीत कित्येक आठवडे तग धरतो. परवा सकाळी चादर झटकली आणि खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत ती पांढरी भुकटी तरंगताना दिसली, पोटात गोळाच आला, कारण तिथून चार हातांवर आमचं 7 महिन्यांचं बाळ झोपलेलं, त्याला एक्झिमा पण आहे. वन आरके आहे, दुसरी खोली नाही. तेव्हापासून चादर न झटकता गुंडाळून थेट मशीनमध्ये, झाडू बंद, ओलं फडकं मारते, पंखा एकवर.

खिडकी रस्त्यावर आहे, उघडली की धूळ येते. बजेट 10 हजार. ज्यांनी घरी असा पेशंट सांभाळलाय किंवा जे मायक्रोबायोलॉजीत आहेत त्यांनी सांगा, हेपा फिल्टरचा (हवेतले अगदी बारीक कण अडवणारा) प्युरिफायर घेऊन बाळाला खरंच फायदा होईल, की धूळ आली तरी खिडकी उघडी ठेवलेलीच बरी? आणि घेतलाच तर फिल्टर बदलताना त्यातली धूळ परत उडू नये म्हणून काय करता?