पापण्यांच्या केसांसाठी काचबिंदूचं औषध: हौसेखातर लावावं का?

कोथरूडची मावशी
माझ्या सव्वीस वर्षांच्या भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. परवा आम्ही दोघी लक्ष्मी रोडला साड्या बघायला गेलो होतो. दुकानातल्या आरशापुढे तिने पदर खांद्यावर टाकून बघितला, तेव्हा माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेलं. वरच्या पापणीची कड काळपट झालेली, आदल्या दिवशीचं काजळ नीट पुसलं नाही तर राहतं तशी. विचारल्यावर पर्समधून बाटली काढून दाखवली. बिमॅटोप्रोस्ट, ०.०३ टक्के. माझ्या सासऱ्यांना काचबिंदूसाठी हेच थेंब होते, म्हणून नाव वाचूनच दचकले. पार्लरवालीने सुचवलं, औषधाच्या दुकानात चिठ्ठी न मागता मिळालं, आणि ही सात आठवडे रोज रात्री आयलायनरच्या जुन्या ब्रशने लावतेय.

केस दाट झालेत, ते मी नाकारत नाही. पण डोळ्यांना काही झालेलं नसताना निव्वळ दिसण्यासाठी औषध लावू नये, डॉक्टरांनी दिलं तरी लावू नये, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

अनघा_के
मावशी, मला हे पटत नाही. दोन वर्षांपूर्वी माझी केमो झाली. डोक्यावरचे केस गेले, तिथे रुमाल बांधून भागलं. पापण्यांचे गेले तेव्हा मात्र सिंहगड रोडवरची धूळ सरळ डोळ्यात जायची, आणि आरशात बघितलं की वाटायचं चेहऱ्यावरून कोणी ओला हात फिरवलाय. नंतर केस आले, पण विरळ, तुटक. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांचा दाब मोजला, पडदा तपासला आणि हेच औषध दिलं. रोज रात्री तोंड धुऊन वरच्या पापणीच्या मुळाशी एकच बारीक रेघ, प्रत्येक डोळ्याला नवा ब्रश, ओघळेल ते लगेच टिपायचं. खालच्या पापणीला लावायचंच नाही. दोन महिन्यांनी फरक दिसला, चौथ्या महिन्यात पापण्या भरल्या. याला हौस म्हणू नका. मला मी परत दिसायला लागले.

ऋता२६
अनघाताईंना आजार होता म्हणून त्यांना सूट आणि भाचीला नाही, असं का? अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने डिसेंबर २००८ मध्ये हे औषध 'लॅटिस' नावाने पापण्यांच्या केसांसाठीच मंजूर केलं. त्याआधी २७८ जणांवर १६ आठवडे चाचणी झाली. औषध लावणाऱ्यांपैकी ७८ टक्क्यांच्या पापण्या ठळकपणे सुधारल्या, नुसतं बिनऔषधी द्रावण लावणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांच्या. आपण दातांना तारा लावतो, चष्मा नको म्हणून डोळ्यांवर लेसर करून घेतो, केस रंगवतो. तिथे कोणी 'धडधाकट असून कशाला' विचारत नाही. सव्वीस वर्षांच्या मुलीला स्वतःच्या चेहऱ्याबद्दल ठरवू द्या.

घारोबा
ऋता, त्याच औषधाच्या माहितीपत्रकात बुबुळाबद्दलचा इशाराही आहे. तो मी घरात बघितलाय. माझ्या वडिलांना एकाच डोळ्याचा काचबिंदू, त्यामुळे थेंब फक्त उजव्या डोळ्यात. दोन्ही डोळे घारे, आमच्या घरात सगळ्यांचेच तसे. काही वर्षांत उजवा तपकिरी झाला. त्या बाजूचे केस इतके वाढले की चष्म्याच्या काचेला घासायचे आणि काचेवर रोज तेलकट रेघा उठायच्या. आई त्यांना खिडकीशी बसवून नखं कापायच्या कात्रीने टोकं छाटायची. वरच्या पापणीखालची चरबी कमी होऊन डोळा आत ओढल्यासारखा दिसायला लागला.

त्यांना नजर वाचवायची होती, ती वाचली, त्यामुळे आमची काहीच तक्रार नाही. पण पापणीचा काळेपणा औषध थांबवल्यावर बहुधा जातो, बुबुळाचा रंग बदलला तर तो तसाच राहतो असं धरून चालायचं. पुण्यात घाऱ्या डोळ्यांची माणसं थोडी आहेत का? पार्लरमध्ये हे कोण सांगतं?

ऋता२६
काका, तुमच्या वडिलांनी वर्षानुवर्षं थेंब डोळ्यातच घातले. पापणीच्या कडेला लावल्यावर डोळ्यात जातं ते त्या मानाने फारच कमी.

घारोबा
कमी जातं, मान्य. पण जुना ब्रश भरून, काजळासारखं आतल्या बाजूने लावलं तर किती जातं ते कोण मोजणार?

बाणेरकर
एक वेगळा मुद्दा. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या तपासल्या, तेव्हा केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश भरली. त्याहून लांब केस वारा अडवायच्या ऐवजी डोळ्याकडेच वळवतात. स्कूटरवर फिरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

औषधवाला_शनिवारपेठ
मी तीस वर्षं काउंटरवर आहे. हे चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे. चिठ्ठी न बघता दिलं, तिथे आमच्यातल्याच कोणाची तरी चूक आहे आणि मला त्याचा राग येतो. लग्नसराईच्या आधी मुली फोनवर बाटलीचा फोटो दाखवत येतात. मी परत पाठवतो, मग त्या पुढच्या दुकानात जातात.

मावशींसारखी सरसकट बंदी मात्र मला पटत नाही. डॉक्टरकडून नाही मिळालं तर ऑनलाइन 'लॅश सीरम' मिळतं. त्यातल्या काहींमध्ये आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट असतं, म्हणजे त्याच कुळातला पदार्थ, आणि वर लेबल सौंदर्यप्रसाधनाचं. त्यापेक्षा तपासून, चिठ्ठीवर घेतलेलं बरं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी काढायची आणि लावल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. नव्या नवरीला हे विचारायलाच हवं, संकोच करून चालत नाही. हे औषध डोळ्याचा दाबही उतरवतं, म्हणून दाब मोजायला जाल तेव्हा ते लावत असल्याचं सांगायचं.

कोथरूडची मावशी
अनघा, हौस हा शब्द तुमच्या बाबतीत मी मागे घेते. लिहिताना असं कोणी डोळ्यांपुढे नव्हतं. ऋता, तुझं मात्र पटलं नाही. दातांची तार काढली तरी दात बरेचसे जागेवर राहतात. हे औषध थांबवलं की काही आठवड्यांत, महिन्यांत केस पुन्हा पहिल्यासारखे. म्हणजे लग्न झाल्यावर काय, वर्षानुवर्षं लावत राहायचं? तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

घारोबा, तुमचं वाचून लगेच फोन केला. भाचीचे डोळे घारेच आहेत, माझ्या बहिणीसारखे. ब्रश तिने टाकून दिला, औषध थांबवलं. शनिवारी नेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली आहे.

ऋता२६
आणि डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, चालू ठेवायला हरकत नाही, तर?

कोथरूडची मावशी
तर ठरवेल ती. मी नकोच म्हणेन, तिच्या तोंडावर म्हणेन.

घारोबा
शनिवारी बाटली बरोबर न्या. आणि तिचा वर्षभरापूर्वीचा एखादा फोटो, उन्हात काढलेला, बुबुळाचा रंग नीट दिसेल असा.