बरोबरीत सुटलेल्या डावाचे गुण कसे वाटावेत, आणि खेळाबाहेरच्या बोलणीचे काय करावे?

पटमांडणी:
नमस्कार. आम्ही काही जण ‘डिप्लोमसी’ हा खेळ ऑनलाइन लीगच्या स्वरूपात खेळतो. ज्यांना तो परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नकाशा पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपचा आहे, सत्ता सात आहेत, पुरवठा केंद्रे (ताब्यात घ्यायची ठिकाणे; जितकी केंद्रे, तितक्याच तुकड्या ठेवता येतात) 34 आहेत आणि 18 केंद्रे मिळवणारा एकटा विजयी ठरतो. खेळात फासे नाहीत, सर्वांच्या गुप्त ऑर्डरी एकाच वेळी उघड होतात आणि प्रत्येक तुकडीचे बळ सारखेच असते. त्यामुळे शेजाऱ्याचा पाठिंबा मिळाल्याशिवाय फार पुढे सरकता येत नाही, आणि तो पाठिंबा बोलणीतूनच मिळवावा लागतो.

आमच्या शेवटच्या डावात फ्रान्सकडे 17, तुर्कस्तानकडे 16 आणि इटलीकडे 1 केंद्र असताना तिघांनी बरोबरी मान्य केली. आमच्या नियमानुसार 100 गुण तिघांत समान वाटले गेले, आणि तो अन्याय असल्याचे फ्रान्सच्या खेळाडूचे म्हणणे आहे. त्यातच तुर्कस्तान आणि इटली हे दोघे खेळातील संदेशपेटी सोडून दुसऱ्या अ‍ॅपवर बोलत होते, असे नंतर कळले. आमचे नियम याविषयी काहीच सांगत नाहीत. निकाल बदलावा का, आणि पुढील हंगामासाठी नियम कसे असावेत?

तटबंदी:
निकाल बदलू नये. सातही जणांनी जाहीर झालेली गुणपद्धत डोळ्यांसमोर ठेवूनच करार केले होते, आणि ती मागाहून बदलली तर त्या करारांचा हिशेबच खोटा ठरतो.

समान वाटणीमागे एक विचार आहे. ध्येय 18 केंद्रांचे असल्यामुळे जो तिथवर पोहोचला नाही तो जिंकलेला नाही, मग 17 वर थांबला काय किंवा एकावर टिकला काय. अडचण अशी की या पद्धतीत चौघांच्या बरोबरीत प्रत्येकाला 25 गुण मिळतात, तर तिघांच्या बरोबरीत 33 हून थोडे अधिक. त्यामुळे डावाच्या उत्तरार्धात बलाढ्य सत्तेला रोखण्याऐवजी सर्वांत दुबळ्याला पटावरून घालवण्याचीच बोलणी सुरू होतात, आणि खेळातील सर्वांत रंगतदार संदेशांची जागा हिशेबनिसांचा पत्रव्यवहार घेतो.

दुसरी प्रचलित पद्धत वर्गांच्या बेरजेची आहे. प्रत्येकाच्या केंद्रसंख्येचा वर्ग करायचा आणि त्या प्रमाणात गुण वाटायचे. आपल्या डावात हे वर्ग 289, 256 आणि 1 येतात, त्यांची बेरीज 546 होते, म्हणून फ्रान्सला 52.9, तुर्कस्तानला 46.9 आणि इटलीला जेमतेम 0.2 गुण मिळाले असते. फ्रान्सला हे रास्त वाटेल, पण इटलीच्या जागी बसून पाहा. ज्याला टिकून राहण्याचे काहीच फळ नाही, त्याला आपले एकमेव केंद्र फ्रान्सला देऊन टाकून 18 वा आकडा पुरा करून देण्यापासून कोण रोखणार? गुणपद्धत बदलली की कोण कोणाला कशाची धमकी देऊ शकतो, हेही बदलते.

मी सुचवीन की एकट्याचा विजय झाल्यास सर्व 100 गुण त्यालाच द्यावेत. आणि बरोबरी झाल्यास निम्मे गुण समान व निम्मे वर्गांच्या प्रमाणात वाटावेत. तसे केल्यास वरील डावात 43.1, 40.1 आणि 16.8 असे गुण येतात. मात्र कोणी एकटा जिंकल्यावरही उरलेल्यांना केंद्रांनुसार गुण देणारी पद्धत स्वीकारू नका, कारण तीत दुसरा क्रमांक पक्का करण्यासाठी लोक पहिल्याला जिंकायला मदत करू लागतात.

नकाशावाला:
तटबंदी यांच्या मिश्र पद्धतीला माझा एक आक्षेप आहे. इटलीचे ते एकमेव आरमार आयोनियन समुद्रात उभे राहून तुर्कस्तानच्या तुकडीला पाठिंबा देत असेल आणि त्यामुळेच फ्रान्सची वाट अडली असेल, तर फ्रान्सला 18 पासून दूर ठेवण्यात इटलीचा वाटा तुर्कस्तानइतकाच आहे. केंद्रे मोजणारी कोणतीही पद्धत हे काम पाहत नाही. त्यामुळे मला जुनी समान वाटणीच अधिक न्याय्य वाटते, तिच्यातील दोष मान्य करूनही.

दूत:
बोलणीच्या प्रश्नाबाबत प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. या खेळात खोटे बोलणे हा गुन्हा नाही, दिलेला शब्द मोडणेही नाही. गुन्हा ठरवायचा असेल तर तो दोन ठिकाणी आहे: जी सोय सातही जणांना उपलब्ध नाही ती वापरणे, आणि या डावातील मदतीची किंमत दुसऱ्या डावात चुकवणे. एकाच व्यक्तीने दोन खाती चालवणे हा दुसऱ्या प्रकाराचाच उघडानागडा अवतार आहे. बाहेरच्या अ‍ॅपवरील संभाषण मॉडरेटरला तपासता येत नाही, म्हणून ते नियमात स्पष्टपणे निषिद्ध करावे. आपल्या नियमांत ते नव्हते, त्यामुळे यावेळी दंड करता येणार नाही. जुने हेवेदावे आणि जुनी मैत्री या दोन्ही गोष्टी नव्या डावात येऊ नयेत म्हणून खेळाडूंची नावे डाव संपेपर्यंत लपवणे उपयुक्त ठरते.

भाषेकडेही लक्ष द्यावे. सामायिक भाषेत सफाईने लिहू न शकणारा खेळाडू बोलणीत मागे पडतो, म्हणून भाषांतराची साधने सर्वांना खुली ठेवावीत. संदेशांशिवाय खेळला जाणारा ‘गनबोट’ प्रकार तुमच्याकडे होत असेल, तर त्याचे गुण स्वतंत्र तक्त्यात ठेवा. त्यातही जाणते खेळाडू न मागितलेला पाठिंबा ऑर्डरीत लिहून शेजाऱ्याला इशारा देतातच, पण ते कौशल्य निराळे आहे.

घोडदळ:
वाटणीबरोबर सत्तांची मूळ विषमताही पाहा. रशिया चार तुकड्यांनी सुरुवात करतो, इतर सहा सत्ता तिनांनी. इंग्लंड आणि तुर्कस्तान नकाशाच्या कडेला सुरक्षित आहेत, तर ऑस्ट्रिया-हंगेरी चहूबाजूंनी उघडी आहे. शक्य असल्यास हंगाम सात डावांचा करून प्रत्येकाला प्रत्येक सत्ता एकदा द्या. एलो गुणांकनाचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार प्रत्येक डावानंतर खेळाडूचा आकडा वरखाली करण्याच्या पद्धतीचा, मोह टाळा. ते बुद्धिबळासारख्या दोघांच्या खेळासाठी रचलेले आहे, आणि सात जणांच्या छोट्या लीगमध्ये त्याचे आकडे स्थिरावेपर्यंत हंगाम संपलेला असतो.

पटमांडणी:
सर्वांचे आभार. निकाल कायम ठेवत आहोत, बाहेरील संभाषणावर बंदी घालत आहोत, आणि मिश्र पद्धत सातही जणांपुढे मतदानासाठी मांडणार आहोत. एक प्रश्न राहिला: कोणी मध्येच खेळ सोडला आणि बदली खेळाडू आला, तर गुण कोणाचे?

दूत:
बदली खेळाडूचे, पूर्णपणे. सोडून जाणाऱ्याला शून्य द्यावे, आणि बदली खेळाडूला पडक्या सत्तेचा तोटा होऊ नये म्हणून त्या डावाचे गुण त्याच्या हंगामाच्या बेरजेत धरावेत की नाहीत, हे त्यालाच ठरवू द्यावे. मात्र हा निर्णय त्याने पहिली ऑर्डर देण्यापूर्वी कळवावा. बदली मिळेपर्यंत घड्याळही थांबवा, कारण ऑर्डरीविना जागच्या जागी उभ्या राहिलेल्या तुकड्यांची केंद्रे शेजाऱ्याला फुकट मिळतात आणि त्याचा भुर्दंड त्या डावातील इतर पाच जणांना बसतो.