अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली : 1962 मध्ये लीग सोडणारा संघ आणि आजचा संघ एकच मानावा का?

मंगळवारपेठकर (प्रश्न)

आमच्या मित्रमंडळींत कोल्हापूरच्या केएसए फुटबॉल लीगइतकीच इंग्लंडच्या खालच्या स्तरांवरील फुटबॉलची चर्चा चालते. परवा अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्लीचा विषय निघाला आणि उघड दोन तट पडले. एकाचे म्हणणे असे की, 1888 मध्ये ज्या बारा संघांनी इंग्लंडची ‘फुटबॉल लीग’ ही व्यावसायिक स्पर्धा स्थापन केली त्यांत हा संघ होता. दुसऱ्याचे म्हणणे असे की, हा संघ 1962 मध्ये कर्जापायी बुडाला आणि त्या नावाने आज खेळणारा संघ 1968 सालचा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच संघाबद्दल खऱ्या असू शकतात का? शिवाय हंगाम ऐन भरात असताना, मार्च महिन्यात, एखादा संघ लीगमधून बाहेर पडतो म्हणजे नेमके काय घडते, हेही जाणकारांनी सविस्तर सांगावे.

जुना हाफबॅक

पहिल्या गटाची गफलत नावामुळे झाली आहे. 1888 च्या बारा संस्थापकांत होता तो ‘अ‍ॅक्रिंग्टन’, नुसता अ‍ॅक्रिंग्टन. त्या बारांपैकी सहा संघ वायव्य इंग्लंडमधील एकट्या लँकेशायर परगण्याचे होते, कारण सूतगिरण्यांच्या त्या पट्ट्यात फुटबॉल कामगारवस्तीत रुजला होता. हा मूळ संघ 1893 मध्ये पहिल्या विभागात टिकण्यासाठी नॉटिंगहॅमला झालेल्या निर्णायक सामन्यात शेफील्ड युनायटेडकडून एका गोलने हरला. दुसऱ्या विभागात खेळणे त्याने नाकारले, लीग सोडली आणि पुढे काही वर्षांत तो संपला.

स्टॅन्ली हा त्याच गावातला वेगळा संघ. 1891 च्या सुमारास स्टॅन्ली स्ट्रीट परिसरातील मंडळींनी ‘स्टॅन्ली व्हिला’ नावाने तो उभा केला आणि मोठा संघ बुडाल्यावर गावाचे नाव आपल्या नावापुढे लावले. आपल्याकडे पेठेतल्या तालमीच्या नावाने संघ उभा राहतो, तसा हा एका रस्त्याच्या नावाने उभा राहिला. फुटबॉल लीगमध्ये त्याला प्रवेश मिळाला तो 1921 मध्ये, तिसऱ्या विभागाच्या उत्तर गटात. त्यामुळे संस्थापक असल्याचा मान स्टॅन्लीकडे जात नाही.

हिशेबनीस

1962 चा प्रसंग समजून घ्यायचा तर आधीची सात-आठ वर्षे पाहावी लागतात, कारण हा संघ रडतखडत चालणारा मुळीच नव्हता. वॉल्टर गॅल्ब्रेथ व्यवस्थापक असताना 1954-55 आणि 1957-58 अशा दोन हंगामांत तो उत्तर गटात दुसरा आला. वर जाण्याचा मान फक्त पहिल्याला असे, म्हणून दोन्ही वेळा हात चोळत बसावे लागले. गॅल्ब्रेथ स्वतः स्कॉटिश होते आणि खेळाडूही तिकडूनच आणत. एका सामन्यात तर अकराच्या अकरा खेळाडू स्कॉटलंडमध्ये जन्मलेले होते.

माझ्या मते संघ बुडाला तो 1958 मध्येच, कळले मात्र चार वर्षांनी. त्या वर्षी उत्तर-दक्षिण गट मोडून अखिल देशाचे तिसरा आणि चौथा असे विभाग करण्यात आले. स्टॅन्ली तिसऱ्या विभागात गेला खरा, पण आजूबाजूच्या गावांऐवजी थेट दक्षिण किनाऱ्यावरच्या प्लिमथ आणि साउदॅम्प्टनपर्यंतचे प्रवास गळ्यात पडले. त्याच सुमारास संचालकांनी दक्षिणेकडील ऑल्डरशॉट या लष्करी गावातून, सैन्याच्या कवायतींसाठी वापरलेला प्रेक्षकांचा जुना स्टँड 1,450 पौंडांना विकत घेतला. तो तिथे उतरवायचा, इंग्लंडच्या एका टोकाकडून दुसरीकडे वाहून आणायचा आणि पील पार्क मैदानावर पुन्हा उभा करायचा, यावर किमतीच्या कित्येक पट खर्च झाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! स्टँड आला, पण त्यात बसायला माणसे कुठून आणायची? एका बाजूला आठ-दहा किलोमीटरवर ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि दुसऱ्या बाजूला जवळपास तेवढ्याच अंतरावर बर्नली. 1960 मध्ये बर्नली इंग्लंडचा विजेता ठरला, ब्लॅकबर्न एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळला आणि स्टॅन्ली तळाला राहून चौथ्या विभागात घसरला. अशा वेळी गावातला तरुण शनिवारी कोणती बस पकडणार, हे सांगायला नको.

2 मार्च 1962 रोजी क्रू या गावी जाऊन स्टॅन्ली 4-0 ने हरला आणि त्यानंतर काही दिवसांतच संघाने लीगला राजीनाम्याचे पत्र पाठवले. त्या हंगामात झालेले त्याचे 33 सामने गुणतक्त्यातून पुसून टाकण्यात आले.

मंगळवारपेठकर

सविस्तर माहितीबद्दल आभार. राजीनामा मागे घेण्याचा प्रयत्न झाला होता, असेही वाचनात आले होते. तो का फसला?

हिशेबनीस

मदतीची आश्वासने मिळताच राजीनामा रद्द करावा अशी विनंती संघाने केली होती, परंतु लीगचे सचिव अ‍ॅलन हार्डेकर यांनी पहिले पत्रच अंतिम धरले आणि व्यवस्थापन समितीनेही त्यावर शिक्कामोर्तब केले. नियमाच्या दृष्टीने ते चुकीचे म्हणता येणार नाही, तरीही मला तो निर्णय कोरडा वाटतो. रिकामी झालेली जागा त्याच वर्षी लीगमधील संघांच्या मतदानाने ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली. तेव्हा खालून वर येण्याचा तोच मार्ग होता. लीगबाहेरच्या विजेत्याला थेट प्रवेश देण्याची पद्धत 1987 मध्ये सुरू झाली.

खासबाग

मूळ प्रश्नाकडे वळतो. लीग सोडल्यावर संघ लहान स्पर्धांतून काही काळ खेळला आणि 1966 मध्ये पूर्ण बंद पडला. 1968 मध्ये गावातल्या लोकांनी नव्याने संस्था स्थापन केली आणि 1970 पासून ती पील पार्कऐवजी क्राउन ग्राउंडवर खेळू लागली. कागदोपत्री हा निर्विवादपणे वेगळा संघ आहे. मात्र मी त्याला जुन्याचाच पुढचा भाग मानतो. कंपनी बुडते तेव्हा तिची देणी आणि करार संपतात. संघाला आपला म्हणणारे गाव संपत नाही. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत एखाद्या मंडळाची नोंदणी रद्द झाली आणि दोन वर्षांनी त्याच पेठेतली पोरे तीच जर्सी घालून शाहू स्टेडियमवर उतरली, तर गॅलरीतला कोणीही त्यांना नवा संघ म्हणणार नाही.

जुना हाफबॅक

भावना समजते, परंतु इतिहास लिहिताना ही मुभा घेऊ नये. हाच न्याय लावला तर 1888 चा अ‍ॅक्रिंग्टनही आजच्या संघाच्या खात्यात जमा करावा लागेल, कारण गाव तेच आहे. विक्रमांची नोंद करताना तिन्ही संघ वेगळे ठेवावेत.

खासबाग

पहिला संघ वेगळा, हे मान्य आहे, कारण स्टॅन्ली उभा राहिला तेव्हा तो हयात होता. 1968 च्या संघाने मात्र बंद पडलेल्या संघाचेच नाव घेतले आणि गावातली त्याचीच रिकामी जागा भरली, एवढाच माझा मुद्दा आहे.

मधल्या काळात देशभर त्याची ओळख उरली ती एका दुधाच्या जाहिरातीपुरती, ज्यात लिव्हरपूलची जर्सी घातलेली दोन मुले स्टॅन्लीच्या नावाची थट्टा करतात. पुढे जॉन कोलमन यांच्या मार्गदर्शनाखाली 2006 मध्ये संघ लीगमध्ये परतला आणि योगायोग असा की त्याच हंगामात लीगमधून खाली गेलेल्या संघांत ऑक्सफर्ड युनायटेड होता. 2018 मध्ये चौथ्या स्तराचे विजेतेपद मिळवून स्टॅन्ली तिसऱ्या स्तरावर चढला, तेथे पाच हंगाम टिकला आणि 2023 मध्ये पुन्हा खाली आला. सुमारे पाच हजार प्रेक्षक मावतील एवढे ते मैदान आणि दोन्ही बाजूंना तेच दोन बलाढ्य शेजारी, हे लक्षात घेता पाच हंगाम मला कमी वाटत नाहीत.