मशीन काढायचं, पण सही कोणाची?

संत्रासाल

बाबांना जाऊन फेब्रुवारीत दोन वर्षं झाली. दादाला राखी मी पोस्टानं पाठवते. फोन होतो, तो आईच्या औषधांपुरता.

नागपुरात धंतोलीतलं हॉस्पिटल होतं. नाव लिहीत नाही, तुम्हीही कोणाचं लिहू नका. बाबा ७८ वर्षांचे, मेंदूत रक्तस्राव, पहिल्याच रात्री व्हेंटिलेटर. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं. शुद्धीवर येतील असं वाटत नाही, म्हणाले. पुढे गळ्याला भोक पाडून नळी, पोटातून फीड, असे महिने जाऊ शकतात. "नाहीतर..." म्हणून ते थांबले आणि पेनाचं टोपण लावत-काढत बसले.

दादा पुण्याला असतो. "मी माझ्या बापाचा श्वास बंद करणार नाही. पैसा किती लागते ते सांगा." मी म्हटलं, "पैशाचं कोण बोलून राहिलं? त्यांचे हात बघ, सुईला जागा उरली नाही." इथवर ठीक होतं. मग माझ्या तोंडून निघालं, "सहा वर्षं तू कुठे होतास?" शुगर, बीपी, अंघोळ, रात्रीचं उठणं, त्रिमूर्तीनगरच्या घरात सगळं मीच केलं होतं. साचलेलं सगळं नेमकं त्या खोलीत, डॉक्टरांसमोर ओकले. आई बाहेर बाकावर बसली होती, बाबांची कवळी रुमालात बांधून. तिला आत बोलवायचं दोघांनाही सुचलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी इन्फेक्शननं बाबा आपले आपणच गेले. सही करायची वेळ आलीच नाही. बोललेलं मात्र राहिलं.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. कोण बरोबर होतं याचा निवाडा मला नको. घरात हे बोललं कसं गेलं, आणि नंतर माणसं एकमेकांकडे जेवायला आली का, एवढं सांगा.

रात्रपाळी

चौदा वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. घरातलं भांडण आम्हाला डॉक्टरांच्या आधी कळतं. भेटीच्या वेळेला दोघं भाऊ वेगवेगळे येतात. एक मॉनिटरकडे बघत उभा राहतो, दुसरा पाय चेपतो. दोघंही जाताना मलाच विचारतात, "सिस्टर, तुम्हाला काय वाटते?" मला काय वाटतं ते सांगायची मला परवानगी नाही.

एक गैरसमज काढते. लोकांना वाटतं, पंख्यासारखं बटण बंद करतात. तसं नसतं. जीव घाबरू नये, धाप लागू नये म्हणून आधी मॉर्फिनसारखं औषध सुरू होतं. मग मशीनचा आधार कमी करत आणतात, मग नळी. कोणी दहा मिनिटांत जातं, कोणी दोन दिवस घेतं. तेवढा वेळ पेशंटला अंघोळ, तोंड पुसणं, कूस बदलणं चालूच असतं. ‘सोडून दिलं’ हा शब्द ऐकला की मला राग येतो.

भंडाऱ्याची सून

आमच्याकडे ‘डामा’ झाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डॉक्टरांचा सल्ला न मानता पेशंट घरी नेतो, असं लिहून द्यायचं. गंमत अशी की घरी न्या, हे डॉक्टरच हळू आवाजात म्हणाले होते. सल्ला त्यांचा, आणि कागदावर न मानणारे आम्ही.

सासूबाई नेहमी म्हणायच्या, "माया जीव माया घरच्या उंबऱ्यात जाऊ द्या." म्हणून यजमानांनी सही केली. मोठे भासरे गडचिरोलीहून निघाले होते. "मी येईपर्यंत हलवू नका," असा त्यांचा फोन. थांबलो असतो तर एवढंसुद्धा जमलं नसतं, असं तेव्हा वाटलं.

अँब्युलन्समध्ये ब्रदर हातानं अंबू बॅग, म्हणजे श्वास देणारा फुगा, दाबत होता. दाब, सोड, दाब, सोड. मौद्याच्या पुढे त्याचा हात दुखायला लागला, मग त्यानं मला शिकवलं. वैनगंगेच्या पुलापर्यंत सासूबाईंचा श्वास माझ्या हातात होता. घरी ओसरीत टाकलं, तुळशीचं पान ठेवलं, नळी काढली. वीस मिनिटं. पण ती वीस मिनिटं शांत नव्हती. घशातून आवाज येत होता आणि आमच्याकडे औषध काहीच नव्हतं. हे मला कोणी आधी सांगितलं नाही.

तेरवीला पंगत उठल्यावर भासरे सगळ्यांसमोर म्हणाले, "बेडचे पैसे वाचवले तुम्ही." धानाची वाटणी त्याच वर्षी झाली.

मेडिकल चौक

माझं उलटं आहे. वडिलांना मी ४१ दिवस ठेवलं. सरकारी दवाखाना, मी बाहेर सतरंजीवर. मामा, बहीण, जावई, सगळे म्हणत होते, "काहून हाल करून राहिला म्हाताऱ्याचे?" मी नाही म्हटलं. वडील कधी कधी डोळे उघडत. डॉक्टर म्हणत, त्याला अर्थ नाही. असेल. मला ते पाहिजे होते.

मला पस्तावा नाही, आणि तो व्हावा असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी बोलत नाही. एकच गोष्ट सांगून टाकतो. तिसाव्या दिवसाच्या आसपास एक बाई शेजारी येऊन बसली. छिंदवाड्याकडून पोराला घेऊन आली होती, व्हेंटिलेटरचा बेड रिकामा व्हायची वाट बघत होती. कोणता बेड, हे तिला माहीत नव्हतं. मी तिला चहा आणून दिला. दुसऱ्या दिवशी ती तिथं नव्हती.

गोधनी

माझा भाऊ २७व्या वर्षी गिआँ-बारे सिंड्रोमनं (नसांचा आजार, अंग लुळं पडतं) दोन महिने व्हेंटिलेटरवर होता. काकांनी ‘आता पुरे’ म्हटलं होतं. आज तो स्कूटर चालवतो. काका घरी येतात, तो त्यांना स्टेशनवर सोडायला जातो. एवढंच.

आयसीयूवाला

गोधनी, तुमच्या भावाच्या आजारात नसा सावरतात, बरेच रुग्ण मशीनवरून उतरतात. तिथे वाट बघणं हाच उपचार. म्हणून पहिला प्रश्न ‘काढायचं का’ हा नसावा. ‘हा आजार कुठे जातो’ हा असावा. तो आम्हा डॉक्टरांना विचारायला घाबरू नका, दहादा विचारा.

कायद्याचं थोडक्यात. २०११ साली अरुणा शानबाग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उपचार काढून घेण्याची वाट पहिल्यांदा उघडली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीनं. अरुणाताई केईएमच्याच परिचारिका, १९७३ च्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या. उपचार थांबवा, अशी मागणी बाहेरच्या एका पत्रकार बाईंची होती; पण न्यायालयानं ते थांबवू दिले नाहीत. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका त्यांना १९७३ पासून सांभाळत होत्या आणि त्यांचा ठाम नकार होता. त्या १८ मे २०१५ ला गेल्या, न्यूमोनियानं. संत्रासाल, तुमच्या घरी सेवा करणारी सोडायला तयार होती आणि लांबचा धरून बसला होता. तिथे नेमकं उलटं. त्यामुळे ‘ज्यानं केलं त्यालाच कळतं’ हेही मी हल्ली बोलत नाही.

९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि आगाऊ इच्छापत्राला, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, जागा दिली. पण अटी अशा, की कोणी फिरकेना. जानेवारी २०२३ मध्ये त्या सोप्या झाल्या. आता उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ मिळून पहिलं मंडळ. त्यावर दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर. प्रत्येक मंडळानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. घरच्यांची संमती लागते. आणि मशीन काढण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं, परवानगी मागायची नाही. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालय आहे, आपलं खंडपीठ सिव्हिल लाइन्समध्येच.

भंडाऱ्याच्या सूनबाई, ही वाट असताना तुम्हाला डामाच्या कागदावर पाठवलं, याची डॉक्टर म्हणून लाज वाटते. कारण मला माहीत आहे: केस होईल ही भीती, आणि दोन मंडळं बसवायचा कंटाळा. घरी न्यायचंच असेल तर धाप आणि घशातला आवाज यांची औषधं सोबत देता येतात. मागून घ्या.

अंबाझरी

आयसीयूवाले डॉक्टर, मेंदूस्तंभ मृत्यू, म्हणजे ज्याला ‘ब्रेन डेड’ म्हणतात, तो वेगळा ना? वर्धा रोडवर भाच्याचा अपघात झाला, तेव्हा चार डॉक्टरांनी सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासलं. बहिणीचे सासरे म्हणत होते, "हात गरम आहे, आणि तुम्ही मेला म्हणता?" अवयवदान झालं. ते अजून त्या विषयावर बोलत नाहीत, पण भाच्याची बाइक त्यांनीच विकू दिली नाही. रोज पुसतात.

आयसीयूवाला

हो, वेगळा. १९९४ च्या अवयवदानाच्या कायद्यानं तो मृत्यूच आहे. तिथे ‘काढू का’ हा प्रश्न आम्ही घरच्यांना विचारतो, तेव्हा आम्हीच गोंधळ वाढवतो. सासऱ्यांचं चुकलं नाही. व्हेंटिलेटर चालू असेपर्यंत हात गरमच असतो.

निवृत्त मास्तरीण

मला सीओपीडी, फुप्फुसांचा जुनाट आजार, आहे, वय ७१. गेल्या दिवाळीनंतर इच्छापत्र केलं. जिल्हा न्यायालयासमोर झाडाखाली बसणाऱ्या नोटरीकडे गेले. त्यानं कागद उलटसुलट केला. "काकू, मृत्युपत्र आहे ना? मग प्रॉपर्टी कुठे लिहिली?" म्हटलं, "प्रॉपर्टी मीच." त्याला कळलं नाही. पुन्हा वाचल्यावर शिक्का मारताना तो गप्प होता, आणि पैसे घेईना. बळंच दिले.

मुलगा आठ दिवस जेवताना बोलला नाही. मग एक दिवस म्हणाला, "त्यात माझं नाव कशाला टाकलं? ताईचं टाकायचं होतं." आपल्या वतीनं निर्णय कोणी घ्यायचा, त्याचं ते नाव. २०२३ नंतर एकापेक्षा जास्त नावं टाकता येतात. आता दोघांचीही टाकली आहेत. भांडायचं तर दोघांनी मिळून भांडा.

संत्रासाल

सगळं दोनदा वाचलं. रविवारी आई सोलेभातासाठी तुरीच्या शेंगा सोलत होती. मीही ताट घेऊन बसले आणि विचारून टाकलं. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "त्या दिवशी मले आत बोलावलं असतं तर मी सांगितलं असतं. तुमच्या बाबांनी मले सांगून ठेवलं होतं." काय सांगून ठेवलं होतं, ते विचारायची हिंमत मला झाली नाही.

स्वतःबद्दल मात्र स्पष्ट बोलली. नळ्या नकोत, घर पाहिजे, दुखणं नको. आणि म्हणाली, "दादाला तू नको सांगू. लाव फोन, मीच सांगते." लावला. मी स्वयंपाकघरात गेले. अर्धा तास बोलत होते.

डॉक्टर, आईच्या इच्छापत्राला नोटरीसमोर दोन साक्षीदार लागतात ना? शेजारच्या काकू चालतील का?

आयसीयूवाला

चालतील. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचेच बघा. एक प्रत महापालिकेत द्यायची असते, आणि एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे ठेवा.

संत्रासाल

बरं. दादा पंधरा तारखेला येतोय. तेव्हाच जाऊ.